काडीसारख्या माणसाला शुगर कशी? – इन्शुलिन मोजता आल्यावर काय कळले

गेल्या वर्षी एका रविवारी वंदना झाल्यावर आम्ही अमळनेरच्या आमच्या वस्तीतील विहारात शुगर तपासणीचा छोटा कार्यक्रम ठेवला होता. बोट टोचून थेंबभर रक्त घ्यायचे आणि आकडा वहीत लिहायचा, एवढेच काम. रांगेच्या शेवटी बाजार समितीत हमाली करणारे एक बापू उभे होते. उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेले. नंबर आल्यावर ते हसून म्हणाले, "मी ते काडीसारखा शे, माले शुगर कशी व्हई?" आणि निघून गेले. आम्हीही हसलो. आमच्यापैकी कोणीही त्यांना हात धरून परत बसवले नाही.

आठ महिन्यांनी चप्पल लागून त्यांच्या पायाला जखम झाली. हळद लावली, पट्टी बांधली, तरी भरेना. धुळ्याला नेले तेव्हा शुगर तीनशेच्या वर निघाली आणि पायाचे एक बोट काढावे लागले. हमाली सुटली. आता त्यांची सून पाच महिन्यांची गरोदर आहे. बापूंचा मुलगा आम्हाला विचारतो, "हे आमच्या रक्तातच आहे का? पोरालाही होणार का?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि त्या दिवशी आम्ही हसलो त्या चुकीची भरपाईही. शुगर हा लठ्ठ आणि श्रीमंत माणसाचा आजार आहे, असे आपण वस्तीत धरून चाललो आहोत. ही समजूत कशी खोटी ठरली ते समजायचे असेल, तर रक्तातील इन्शुलिन मोजायला माणूस कसा शिकला, तेथून सुरुवात करावी लागेल.

इन्शुलिन म्हणजे काय?

शरीराचे एक इंद्रिय दुसऱ्याला निरोप पाठवते. हे निरोप रक्तातून जातात. त्या निरोप्यांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. त्यांतील काही संप्रेरके प्रथिनांच्या छोट्या साखळ्या असतात, त्यांना पेप्टाइड संप्रेरके म्हणतात. इन्शुलिन हे त्यांपैकीच एक. अमिनो आम्लांचे ५१ मणी दोन साखळ्यांत ओवलेले, एवढाच त्याचा आकार.

जेवल्यावर रक्तातील साखर वाढते. जठराच्या मागे असलेले स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. इन्शुलिन स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना सांगते, "दार उघडा, साखर आत घ्या." ती आत गेली की ताकद मिळते. इन्शुलिन कमी पडले किंवा पेशींनी त्याचे ऐकले नाही, तर साखर रक्तातच राहते. हाच मधुमेह.

इन्शुलिनचा शोध १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लागला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. त्याआधी अशी मुले थोड्याच दिवसांची सोबती असत. म्हणून इन्शुलिनची सुई म्हणजे शेवट, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की ती सुई आली तेव्हापासून ही मुले जगू लागली.

पण एक अडचण होती. इन्शुलिन टोचता येत होते, तरी रुग्णाच्या स्वतःच्या रक्तात ते किती आहे हे नेमके मोजता येत नव्हते. उपाशीपोटी एक मिलीलिटर रक्तात इन्शुलिन एक ग्रॅमच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी असते. त्याच रक्तात इतर प्रथिने कोट्यवधी पट जास्त. गव्हाच्या कोठारातून राईचा एक दाणा शोधण्यासारखे हे काम. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही मधुमेहाने ग्रासले होते. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांनी बाबासाहेबांचे औषधपाणी, पथ्य सांभाळले. परंतु बाबासाहेबांच्या हयातीत रुग्णाच्या रक्तातील इन्शुलिन मोजून पाहण्याची सोय डॉक्टरांच्या हाती नव्हती.

झाडूच्या खोलीतील प्रयोगशाळा

ती सोय करणाऱ्या बाईंचे नाव रोझलिन यॅलो. जन्म १९ जुलै १९२१, न्यूयॉर्क. ज्यू समाजातील साधे कुटुंब. भौतिकशास्त्रात हुशार असूनही पुढील शिक्षणाची दारे सहज उघडली नाहीत. एका विद्यापीठाचे म्हणणे असे की मुलगी ज्यू आहे, शिवाय बाई आहे, हिला पुढे नोकरी मिळेल याची हमी कोण देणार? शेवटी कोलंबिया विद्यापीठातील एका शास्त्रज्ञाकडे लघुलेखनाचे काम करत शिकायचे, असे त्यांनी ठरवले. हे तेच कोलंबिया, जेथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. पुढे महायुद्धामुळे पुरुष विद्यार्थी सैन्यात जाऊ लागले आणि १९४१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात त्यांना जागा मिळाली. तेथील अभियांत्रिकी विभागाच्या चारशे जणांत त्या एकट्या स्त्री होत्या. १९४५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

१९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांनी काम सुरू केले. झाडू आणि बादल्या ठेवायची खोली रिकामी करून त्यांनी तिची प्रयोगशाळा केली. १९५० मध्ये डॉ. सॉलोमन बर्सन त्यांच्या सोबतीला आले. यॅलो भौतिकशास्त्राच्या आणि बर्सन वैद्यकाचे. बावीस वर्षे दोघांनी जोडीने काम केले.

त्या काळी एक मत असे होते की मोठ्या वयात मधुमेह झालेल्यांच्या शरीरात इन्शुलिन फार लवकर नष्ट होत असावे. हे खरे की खोटे ते तपासायचे दोघांनी ठरवले. इन्शुलिनला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावली, ते टोचले आणि ते रक्तातून किती वेळात नाहीसे होते ते मोजले. उत्तर उलटे निघाले. ज्यांनी पूर्वी इन्शुलिनची इंजेक्शने घेतली होती, त्यांच्या रक्तात ते लवकर नव्हे तर उशिरा नाहीसे होत होते. त्यावेळचे इन्शुलिन गाई-डुकरांपासून काढलेले असे. शरीराने त्याला परके समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती आणि ती इन्शुलिनला धरून ठेवत होती.

इन्शुलिनसारख्या छोट्या रेणूविरुद्ध प्रतिपिंडे बनतच नाहीत, असे मोठमोठे जाणकार तेव्हा मानत. त्यामुळे लेख परत आला. १९५६ मध्ये, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्या वर्षी, तो छापून आला, पण मथळ्यातून 'प्रतिपिंड' हा शब्द काढून टाकावा लागला. दोघांनी शब्द सोडला, पुरावा सोडला नाही. नकाराचे ते पत्र यॅलोबाईंनी जपून ठेवले आणि पुढे नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात जगाला दाखवले.

मोजमाप कसे होते? एसटीचे उदाहरण

मग त्यांच्या लक्षात आले की प्रतिपिंड जर इन्शुलिनला एवढे नेमके पकडत असेल, तर तेच मोजण्याचे साधन होऊ शकते. हे समजायला अमळनेर–धुळे बस डोळ्यांपुढे आणा.

बसमध्ये ४० आसने आहेत. ही आसने म्हणजे प्रतिपिंडे. निळी टोपी घातलेले ४० प्रवासी आले. हे म्हणजे खूण लावलेले इन्शुलिन. दुसरे कोणी नसेल तर सगळ्या ४० आसनांवर निळ्या टोप्या दिसतील. आता बिनटोपीचे ४० प्रवासी आणखी आले. हे म्हणजे रुग्णाच्या रक्तातील इन्शुलिन. सर्वांना सारखी संधी असेल तर ८० जणांतून ४० बसतील आणि आसनांवर निळ्या टोप्या साधारण २० दिसतील. बिनटोपीचे १२० आले तर निळ्या टोप्या फक्त १० उरतील.

म्हणजे बिनटोपीचे लोक मोजायची गरजच नाही. बसलेल्या निळ्या टोप्या मोजल्या की ते किती आले होते ते कळते. रक्तात इन्शुलिन जितके जास्त, तितके खूण लावलेले इन्शुलिन प्रतिपिंडावर कमी. किरणोत्सारी खुणेमुळे अगदी थोडे कणही यंत्राला मोजता येतात. या पद्धतीला रेडिओइम्युनोअसे म्हणतात. १९६० मध्ये माणसाच्या रक्तातील इन्शुलिन मोजण्याची ही रीत त्यांनी सविस्तर प्रसिद्ध केली. त्यांनी तिचे पेटंट घेतले नाही. जगातील कोणत्याही प्रयोगशाळेने ती फुकट वापरावी, असे ठरवले. बर्सन १९७२ मध्ये वारले. १९७७ मध्ये यॅलोबाईंना नोबेल मिळाले. वैद्यकाचे नोबेल मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री.

ही विद्या आपल्याकडेही आली. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेने थायरॉइडची संप्रेरके आणि इन्शुलिन मोजण्याचे संच देशातच तयार केले. आज बहुतेक ठिकाणी किरणोत्सारी खुणेऐवजी रंगाची किंवा प्रकाशाची खूण वापरतात. त्यामुळे या तपासणीत शरीरात किरणे जातात, अशी भीती बाळगू नका. तपासणी नळीत होते, तुमच्या अंगात नाही. टीएसएच ही थायरॉइडची तपासणीही प्रतिपिंडाच्या याच पकडीवर चालते. औषधाच्या दुकानात मिळणारी गरोदरपणाची पट्टीसुद्धा लघवीतील एक पेप्टाइड संप्रेरक प्रतिपिंडानेच पकडते.

मोजल्यावर काय कळले?

पहिला धक्का असा की मोठ्या वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन कमी नव्हते. उलट पुष्कळदा निरोगी माणसापेक्षा जास्त होते. निरोप जात होता, पण पेशी दार उघडत नव्हत्या. स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडत राहते आणि वर्षानुवर्षे जादा काम करून शेवटी थकते. मधुमेह एकाच तऱ्हेचा नसतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले. लहान मुलांत बहुधा इन्शुलिनच बनत नाही. मोठ्यांत बहुधा ते असते, पण चालत नाही.

दुसरा धक्का आपल्या पुण्यातला आहे आणि बापूंच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना दिसत होते की त्यांच्याकडे येणारे मधुमेही लठ्ठ नव्हते आणि वयानेही फार मोठे नव्हते. पुस्तकात लिहिलेले आणि समोर बसलेले जुळत नव्हते. म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या बायका शेतात राबणाऱ्या, बारीक, सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे हातापायाने, पोटाने लहान होती, स्नायू कमी होते. पण पाठीवरची कातडी चिमटीत धरून मोजली, तर तेथील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ वरून बारीक, आतून चरबीचे.

मग पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतील रक्तात इन्शुलिन मोजले गेले. २००२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुण्याची बाळे वजनाने कमी, पण त्यांच्या रक्तात इन्शुलिन जास्त. साखरेचा एक दाणाही न चाखलेल्या बाळाच्या शरीरात जादा इन्शुलिनची तयारी पहिल्या दिवसापासून होती.

याच मुद्द्यावर २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. दिसायलाही दोघे सडपातळ. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा सारखा, शरीरे वेगळी. काडीसारख्या माणसाला शुगर कशी, याचे उत्तर या एका छायाचित्रात आहे. बापूंचे शरीर बारीक होते म्हणून ते सुरक्षित नव्हते.

मग हे नशीब आहे का?

नाही. बापूंच्या मुलाला आम्ही हेच सांगितले. घराण्यात शुगर असेल तर धोका वाढतो, हे खरे. पण गर्भात बाळाला काय मिळाले, यालाही मोठे महत्त्व आहे, आणि ते आपल्या हातात आहे.

पुण्याच्या त्याच अभ्यासात दिसले की ज्या गरोदर बायका हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. ज्यांच्यावर कष्टाच्या कामाचा बोजा जास्त होता, त्यांची बाळे लहान होती. सुमारे दोनतृतीयांश मातांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिन नीट न चालण्याची लक्षणे जास्त दिसली. याचा अर्थ आशाताई देतात त्या गोळ्या बंद करा, असा मुळीच नाही. फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या मेंदू-मणक्याचे जन्मजात दोष टळतात. अर्थ एवढाच की बी-१२ कडेही लक्ष द्या. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मटणात असते. बाजारातील सुकट-बोंबील आणि एक अंडे परवडते. लागल्यास डॉक्टरांना बी-१२ विषयी विचारा.

आपल्या घरांत मात्र काय चालते? सगळ्यांची ताटे झाली की उरलेली भाकर आणि वरणाचे पाणी सुनेच्या वाट्याला. नळाला पाणी आले की हंडे तिनेच भरायचे. बाईच्या ताटात शेवटी पडते ते बाळाच्या ताटात सर्वांत आधी पडते. समतेची भाषा आपण व्यासपीठावर करतो, ती चुलीजवळ आली पाहिजे.

काय करावे?

१. वय तीस झाले की दिसायला कसेही असा, वर्षातून एकदा शुगर तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी होते. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त आले, तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात.

२. पोटाचा घेर फितीने मोजा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला, तर वजन कमी असले तरी सावध व्हा.

३. शुगर आहे की नाही हे ठरवायला इन्शुलिनची महाग तपासणी लागत नाही. कोणी 'पॅकेज' म्हणून गळ्यात मारत असेल तर कारण विचारा. मधुमेहाचा प्रकार ठरवायचा असतो तेव्हा डॉक्टर ती किंवा सी-पेप्टाइडची तपासणी सांगतात. तेव्हा ती जरूर करा.

४. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉइड किंवा इतर संप्रेरकांच्या तपासणीपूर्वी तसे सांगा. त्यांनी काही यंत्रांवर आकडा चुकतो.

५. लहान मुलाला खूप तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. इन्शुलिन सुरू असेल तर अंगारा, गंडा किंवा कोणाच्या जडीबुटीसाठी एक दिवसही बंद करू नका.

६. प्रत्येक गरोदर बाईने शुगर तपासून घ्यावी. गरोदरपणातील शुगर आई आणि बाळ दोघांनाही त्रास देते, आणि वेळेत कळली तर ती आटोक्यात राहते.

७. शुगर असलेल्याने रोज रात्री पाय धुऊन तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. अनवाणी फिरू नये. जखम दोन-तीन दिवसांत भरेना तर घरगुती उपाय थांबवावेत.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

विहारात हा लेख वाचून झाल्यावर यांवर बोलावे. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? वस्तीत आज किती गरोदर भगिनी आहेत आणि त्यांचे पाणी कोण भरते? तीस वर्षांवरील किती जणांनी एकदाही शुगर तपासलेली नाही?

आमच्या वस्तीपुरते सांगतो. बापूंच्या घरी आता सुनेचे ताट पहिले वाढले जाते. पालेभाजी रोज, अंडे एका दिवसाआड. हंडे मुलगा भरतो. सुरुवातीला शेजारचे हसले, आता दोन घरांनी तेच सुरू केले आहे. आणि पुढच्या तपासणीच्या रविवारी बापू स्वतः काठी टेकत विहाराच्या दाराशी बसणार आहेत. "मी ते बारीक शे," असे म्हणून जो कोणी परत निघेल, त्याला ते आपला पाय दाखवणार आहेत.

जय भीम.